एमएच-09 की केए-23? निपाणी भागातल्या एका गाडीखरेदीचा पुरा हिशेब

निपाणी तालुक्यातल्या एका गावातलं हे एकत्र कुटुंब. थोरले भाऊ शेती बघतात, सहा एकर ऊस आणि थोडा तंबाखू. धाकटे निपाणीत हायस्कूलला शिक्षक, गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. घरात दोघांच्या बायका, थोरल्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, मास्तरांची लहान मुलगी आणि या दोघा भावांची आई. आजींचे दोन्ही गुडघे गेलेत. मिरजेला डॉक्टरांकडे दर दोन महिन्यांनी जावं लागतं, आणि भाड्याच्या जीपचा खर्च व ओशाळेपणा दोन्हीला घर कंटाळलं होतं. 2025 च्या दिवाळीनंतर गाडी घ्यायची ठरली. तीन लाख हातातले, बाकी कर्ज, आणि रस्त्यावर येईपर्यंत सगळं मिळून आठ लाखाच्या आसपास, अशी मर्यादा. इथले आकडे गोल केलेले आहेत.

प्रस्ताव तीन आले. पहिला कोल्हापूरच्या दाजींचा. त्यांची स्वतःची जानेवारी 2019 ची विटारा ब्रेझा डिझेल, एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंग, 92 हजार किलोमीटर फिरलेली, घरातल्या माणसाला म्हणून 6.20 लाख. थोरल्या भावांचं मन इथंच बसलं होतं. दुसरा मुलाचा: 2016 ची स्कॉर्पिओ, केए-22 म्हणजे बेळगाव पासिंग, मालक 6.80 लाख सांगतोय. तिसरा मास्तरांचा: नवी छोटी पेट्रोल गाडी, केए-23 म्हणजे चिकोडी पासिंगची. मास्तरांच्या प्रस्तावाला घरात पहिल्या दिवशी एकही मत नव्हतं.

दाजींची गाडी स्वस्त होती यात शंका नाही. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच फिरलेल्या केए पासिंगच्या ब्रेझाला चिकोडी-बेळगाव बाजारात सात लाखाच्या वर मागत होते. पण हा फरक दाजींच्या मायेचा नव्हता. सीमाभागात एमएच आणि केए पासिंगच्या एकाच गाडीच्या किमतीत जे अंतर दिसतं ते बहुतेक वेळा न भरलेला कर असतो. विकणारा तो भरत नाही, म्हणून किंमत उतरते. घेणाऱ्याला तो भरावा लागतो, म्हणून शेवटी गाडी तेवढ्यालाच पडते. आमच्या भागात दरवर्षी कितीतरी घरं हा फरक नफा समजून व्यवहार करतात, आणि नंतर दलालाच्या दारात उभी राहतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडायचं.

कर: आधी हा आकडा काढा, मग गाडी बघा

कर्नाटकात खासगी मोटारीला आजीव कर एकदम भरावा लागतो. पाच लाखापर्यंतच्या गाडीला 13 टक्के, पाच ते दहा लाखाला 14, दहा ते वीस लाखाला 17 आणि त्यावर 18 टक्के. या कराच्या रकमेवर आणखी 11 टक्के उपकर. महाराष्ट्रात पेट्रोलला दहा लाखापर्यंत 11 टक्के, डिझेलला 13. म्हणजे तिकडे डिझेलला जादा कर, इकडे इंधनावर भेद नाही, किमतीवर आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात लोक दरवर्षी हजारो रुपये घालवतात. टप्पा बदलला की वाढीव दर फक्त वरच्या रकमेला लागत नाही, पूर्ण किमतीला लागतो. 9.95 लाखाच्या गाडीला उपकरासह 1,54,600 रुपये कर बसतो, 10.05 लाखाच्या गाडीला 1,89,600. दहा हजाराचं वरचं मॉडेल घेतलं आणि 35 हजार कर वाढला. नऊ-दहा लाखाच्या घरात व्हेरियंट निवडताना एक्स-शोरूम किंमत दहा लाखाच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी बघावं.

आता दाजींच्या ब्रेझाचं. मूळ बिलातली किंमत 9.20 लाख. 14 टक्क्यांनी 1,28,800, उपकर 14,168, एकूण 1,42,968. परराज्यातून येणाऱ्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे यात वजावट मिळते. सहा वर्षं पूर्ण झालेल्या या गाडीला ती धरून साधारण 92 हजार रुपये भरावे लागणार होते. लोकांचा समज असतो की गाडीची किंमत जेवढी उतरली तेवढाच कर उतरेल. तसं होत नाही. कर मूळ किमतीवर मोजून मग टक्का लावतात, आजच्या व्यवहाराच्या किमतीवर नाही. म्हणून मूळ बिलाची प्रत दाजींकडून आधी मागवावी लागली. ती नसती तर किंमत कुठली धरायची यावरून आरटीओत हेलपाटे ठरलेले.

महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो हेही खरं. पण त्यासाठी आधी इकडचं पासिंग पूर्ण व्हावं लागतं, नव्या आरसीची प्रत जोडून कोल्हापूर कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि तो परतावा ज्यानं कर भरला त्याच्या नावानं निघतो. इथे तो दाजींच्या खात्यात जाणार होता. दाजींनी किंमत 6.20 सांगताना तो स्वतःकडे धरलाच होता, म्हणून हिशेबात तो घेतलेला नाही. परतावा कोणाचा, हे व्यवहाराच्या कागदावर एका ओळीत लिहून घ्यायचं. नात्यातला व्यवहार असेल तर हमखास लिहायचं.

"चालव की तशीच, कोण इचारतंय?"

दाजींचा सल्ला हाच होता, आणि गावात निम्म्या लोकांनी तोच दिला. सह्या केलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात, ते कपाटात ठेवायचे आणि एमएच नंबरवरच गाडी वापरायची. निपाणी-कागल पट्ट्यात अशा गाड्या दारोदार आहेत, म्हणून हे चालतं असं वाटतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली तर तिला तिथला नंबर घ्यावाच लागतो. दाजी स्वतः कोल्हापुरात राहून अधूनमधून गाडी घेऊन आले तर प्रश्न नाही. पण रोज निपाणीत उभी राहणारी, निपाणीच्याच माणसानं चालवलेली गाडी पाहुणी राहत नाही. कलम 50 प्रमाणे घेणाऱ्यानं 30 दिवसांत हस्तांतराची नोंद करायची असते.

खरी भीती दंडाची नाही, अपघाताची आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलंय. उद्या ऊसाच्या ट्रॉलीला चुकवताना मोटारसायकलवाला सापडला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात नाव दाजींचं येणार. पॉलिसी दाजींच्या नावावर, गाडी विकलेली, वापरणारा भलताच, अशा स्थितीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी सरळ नाकारू शकते. विकत घेतल्यावर 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायची असते, आणि आरसीवर नाव बदललं नसेल तर तिथंच घोडं अडतं. आणखी एक: नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. दाजींची 50 टक्के सूट दाजींबरोबर जाणार. थोरल्या भावांच्या नावावर हप्ता शून्य सुटीपासून सुरू.

दाजींना जेव्हा हे कळलं की चूक भाच्याची झाली तरी नोटीस आपल्याला येईल, तेव्हा ‘तशीच चालव’ हा सल्ला त्यांनीच मागे घेतला.

रीतसर करायचं तर काम असं होतं. आधी दोन्ही राज्यांतली ई-चलनं तपासून भरायची. एक जरी थकलेलं असलं तरी पुढचं अडतं. ब्रेझावर बँकेचा बोजा होता, कर्ज फिटून वर्ष झालं तरी आरसीवर तो तसाच. हे फार ठिकाणी होतं. कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन उतरवावा लागतो. मग कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, चेसिस नंबरची पेन्सिलनं घेतलेली छाप जोडून. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही याची खात्री त्यातच होते. ती एनओसी घेऊन चिकोडीला फॉर्म 27, 29, 30, कर्नाटकातला पत्त्याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी, निरीक्षकासमोर गाडी उभी करणं, कर भरणं, आणि मग केए-23 नंबर. त्यानंतर नव्या नंबरची एचएसआरपी, म्हणजे सक्तीची सुरक्षित नंबरपाटी, फास्टॅगवर नंबर बदलणं, पॉलिसीवर नंबर बदलणं. फास्टॅग लोक विसरतात आणि कोगनोळी नाक्यावर आठवतं.

एनओसी काढून गाडी विकत न घेता मध्येच बेत फिसकटला तर विकणाऱ्याला ती रद्द करून घ्यावी लागते. म्हणून इसार देण्याआधी एनओसी काढायला लावू नये, आणि एनओसी हातात येण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नये. कागदपत्रं, पाट्या, येणं-जाणं आणि एजंट मिळून दहा हजार धरले.

गाडी किती पळणार, हे कोणी विचारलंच नव्हतं

मास्तरांनी शाळेच्या वहीत पंधरा दिवस घरातल्या सगळ्या फेऱ्या लिहून काढायला लावल्या: कोण, कुठे, किती किलोमीटर. त्यावरून महिन्याचा अंदाज बसला. कोल्हापूरला दोन खेपा, 180 किलोमीटर. बेळगावला एक, 160. मिरज दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला 65. राहिलेले 345 किलोमीटर आठ-दहा किलोमीटरच्या तुकड्यांत: निपाणी, बाजार, नातेवाईक, शेत. एकूण 750. मास्तर शाळेला दुचाकीवरच जाणार.

घराचा समज होता, "आमचं फिरणं फार, डिझेलच पाहिजे." डिझेलचा हा समज जुना आहे. पेट्रोल आणि डिझेलच्या दरात वीस-पंचवीस रुपयांचं अंतर होतं त्या काळातला. 2025 च्या अखेरीस निपाणीच्या पंपावर ते अंतर दहा-बारा रुपयांवर आलं होतं. पेट्रोल 103 आणि डिझेल 91 धरून बघितलं. ब्रेझानं लिटरला 17 दिले तर महिन्याला 44 लिटर, सुमारे 4,000 रुपये. नव्या पेट्रोल गाडीनं गावच्या रस्त्यावर 15.5 दिले तर 48 लिटर, सुमारे 5,000. फरक महिन्याला 970 रुपये. वर्षाला साडेअकरा हजार.

आणि छोट्या फेऱ्या डिझेलला मानवत नाहीत. इंजिन तापायच्या आत बंद होतं, काजळी साठते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धूर गाळणारी डीपीएफची जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी इंजिन गरम ठेवून काही वेळ सलग वेगानं पळावं लागतं. गाव ते निपाणी एवढंच फिरणाऱ्याची जाळी भरून दिवा लागतो आणि वर्कशॉप गाठावं लागतं. दाजींची ब्रेझा बीएस-4, तिला ही जाळी नाही, ही तिची जमेची बाजू. तरी थोडा धूर इंजिनात परत फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर काजळी बसतेच.

ब्रेझाच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाबद्दल चांगलंच बोलावं लागेल. तेच इंजिन स्विफ्ट, डिझायरमध्ये वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे मारुतीनं एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं तरी सुटे भाग आणि हात बसलेले मिस्त्री निपाणीतही मिळतात. पण 92 हजारावर काय बघायचं ते बघितलंच पाहिजे. मास्तरांनी ओळखीचा मिस्त्री घेऊन सकाळी, इंजिन थंड असताना गाडी बघितली. ही अट मोडू नये. विकणारा आधीच गरम करून ठेवतो तेव्हा थंडीतला धूर आणि साखळीचा खडखडाट दोन्ही झाकले जातात. इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण सैल करून त्यातून वाफ जोरात मारते का बघितलं, नव्हती मारत. टर्बोचे पाईप तेलानं ओले नव्हते. क्लच मात्र फारच वर येऊन धरत होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. चारही टायरवर 4818, म्हणजे 2018 चा अठ्ठेचाळिसावा आठवडा, गाडीबरोबर आलेलेच. नक्षी शिल्लक दिसत होती, रबराला भेगा पडल्या होत्या. सात वर्षांच्या टायरवर हायवेला आई-बायकोला बसवायचं नाही.

पुढच्या चाकांत खडखड होती. गळीत हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांची जी दशा होते त्यात लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आधी जातात. अंदाजपत्रक असं बसलं: टायर 26 हजार, बॅटरी 7, पुढचं सस्पेन्शन 11, सगळी तेलं-फिल्टर-कूलंट 9, एसी आणि पट्टा 7. एकूण 60 हजार. क्लच यात नाही, तो पुढच्या वर्ष-दोन वर्षांत येणारा खर्च म्हणून वेगळा ठेवला.

म्हणजे 6.20 लाखाची गाडी: कर 92 हजार, विमा 16, कागद 10, दुरुस्ती 60. बेरीज 7.98 लाख. थोरले भाऊ या आकड्यापुढे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग नवी कितीला पडत्या?"

स्कॉर्पिओ, आणि लोक काय म्हणतील

स्कॉर्पिओचा निकाल लवकर लागला. 2,179 सीसीचं इंजिन, त्यामुळे थर्ड पार्टी विम्याचाच हप्ता 7,897 रुपये. 1,000 ते 1,500 सीसीच्या गाडीला तो 3,416 होता. लिटरला बारा किलोमीटर धरले तरी डिझेल महिन्याला 5,700. आणि आजींना तिच्यात चढवायला दोघं लागले. मुलगा नाराज झाला, पण आजीला चढताना त्यानंच धरलं होतं, त्याला समजवावं लागलं नाही.

तरीही मुलाचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. आमच्या भागात गाडी नुसती वाहन नसते. साखर कारखान्याच्या सभेला, लग्नाच्या मांडवाला, जागा बघायला गेल्यावर दारात काय उभं राहिलं यावरून माणसाची ऐपत मापली जाते. बोलेरो म्हणजे कष्टाचा शेतकरी, स्कॉर्पिओ म्हणजे वजनदार, इनोव्हा म्हणजे मोठा बागायतदार किंवा कंत्राटदार, फॉर्च्युनर म्हणजे पुढारी. वॅगनआर म्हणजे पेन्शनरची. ही मापं सगळ्यांना पाठ आहेत. त्यांची किंमत मोजायची की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न, पण मोजायची तर रुपयांत मोजा. नव्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत स्कॉर्पिओचा रुबाब या घराला निव्वळ इंधन आणि थर्ड पार्टी विम्यात वर्षाला तेरा हजाराच्या आसपास पडला असता, जुन्या गाडीच्या दुरुस्त्या वेगळ्या.

नंबरप्लेटचाही मान असतो, आणि तो इथे सगळ्यात हळवा विषय. एमएच-09 पाटी दारात असणं सीमाभागातल्या मराठी माणसाला मनापासून आवडतं. थोरल्या भावांना ब्रेझा हवी होती त्यात निम्मी ओढ या पाटीची होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. त्या भावनेचा आदर ठेवूनच सांगावं लागतं: केए-23 घेतल्यानं कोणाचं मराठीपण उणं होत नाही, आणि पाटीवरून होणारा त्रास दोन्हीकडून होतो. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे महाराष्ट्रात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. अशा दिवसांत घरची गाडी, कुठल्याही पाटीची असो, सीमा ओलांडून नेऊ नये एवढंच शहाणपण. खरेदीच्या निर्णयात याला यापेक्षा जास्त वजन द्यायचं कारण नाही.

नवी गाडी: आजींचे गुडघे आणि कोटेशनमधल्या ओळी

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर यावरून सरळ 18 टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1,200 सीसीपर्यंत, डिझेल 1,500 पर्यंत. यानं जुन्या बाजाराचं गणितच हललं. पण विकणाऱ्यांच्या डोक्यात अजून जुनी किंमत बसलेली आहे. तीन-चार वर्षांची पेट्रोल गाडी बघताना ती तेव्हा कितीला घेतली होती हे ऐकून काही उपयोग नाही, तीच गाडी आज नवी कितीला मिळते ते विचारायचं. मास्तरांना केए-23 च्या दोन जुन्या पेट्रोल गाड्या याच कारणानं महाग वाटल्या.

नव्यात दोन गाड्या समोर होत्या, वॅगनआर आणि टाटा पंच. आजींना दोन्हीत बसवून बघितलं. गुडघ्याच्या माणसासाठी बैठक फार खाली नको आणि फार वर नको. पाय जमिनीवर टेकलेले असताना मागं सरकून बसता आलं पाहिजे. वॅगनआर यात उत्तम आहे, आणि पेन्शनरची म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा तिच्यात बसवून बघावं. पंचची बैठक थोडी वर, पण दारं पार काटकोनात उघडतात. आजींना वरची मूठ धरून वळायला तिथं जागा मिळाली.

फैसला केला तो सुरक्षिततेनं. वॅगनआरला 2023 मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढांसाठी एकच तारा मिळाला होता, पंचला 2021 मध्ये पाच. चाचणीचे नियम मधल्या काळात कडक झाले, त्यामुळे हे दोन आकडे एकाच काट्यावर तोलता येत नाहीत, पण अंतर मोठं आहे. महिन्यातून तीन वेळा हायवेला लागणाऱ्या आणि हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांमागून येणाऱ्या घरानं हे बघायलाच हवं. टाटा म्हटलं की आमच्याकडे सर्व्हिसचा विषय निघतो आणि मारुती म्हटलं की पत्र्याचा. ऐकीव गोष्टीवर थांबण्यापेक्षा मास्तर वर्कशॉपमध्ये गेले, उभ्या असलेल्या गाड्यांच्या दोन-तीन मालकांशी बोलले, बंपर आणि पुढची काच किती दिवसांत येते एवढंच विचारलं. ब्रँडपेक्षा आपल्या जवळचं वर्कशॉप कसं चालतं यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात.

पंचच्या मधल्या व्हेरियंटचं कोटेशन: एक्स-शोरूम 6.70 लाख, कर उपकरासह 1.04 लाख, विमा 34 हजार, नोंदणी-फास्टॅग वगैरे 3 हजार, अ‍ॅक्सेसरीज किट 18 हजार, आणि ‘हँडलिंग’ म्हणून 6 हजार. शेवटच्या दोन ओळी काढायला लावल्या. हँडलिंग चार्ज द्यायचं कुठलंही बंधन नाही, लेखी विचारलं की तो गळतो. विमाही बाहेरून घेता येतो. विम्यासाठी धरलेल्या त्याच घोषित किमतीची, झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) आणि इंजिन संरक्षणासह पॉलिसी बाहेर 27 हजाराला मिळाली. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, 1,000 ते 1,500 सीसीला तेव्हा तो 10,640 रुपये होता. त्यात कुठेही सूट नाही. कमी-जास्त होतो तो बाकीचा भाग. शेवटचा आकडा 8.04 लाख.

वर्षअखेर असल्यानं जुना स्टॉक गळ्यात पडण्याचा धोका होता. फॉर्म 21 वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. पूर्ण पैसे भरण्याआधी त्याच चेसिस नंबरचा कागद दाखवायला सांगितला, मग यार्डात जाऊन तोच नंबर, टायरचे आठवडे, किलोमीटर आणि रंगाचा पोत दिवसाच्या उजेडात बघितला. पैसे भरल्यावर हे बघून उपयोग नसतो.

पाच वर्षांची बेरीज

महिन्याला 750 प्रमाणे पाच वर्षांत 45 हजार किलोमीटर. ब्रेझा: रस्त्यावर 7.98 लाख, डिझेल 2.41, सर्व्हिसिंग 60 हजार, पुढच्या चार वर्षांचा विमा 56 हजार, क्लच-इंजेक्टर-टर्बोसाठी राखीव 60 हजार. बेरीज 12.15 लाख. बारा वर्षांच्या डिझेल गाडीचे तेव्हा अडीच लाख येतील असं धरलं तर निव्वळ खर्च 9.65 लाख, किलोमीटरला 21 रुपये 40 पैसे.

पंच: 8.04 लाख, पेट्रोल 2.99, सर्व्हिसिंग 35 हजार, चार वर्षांचा विमा 52 हजार, पाचव्या वर्षी टायर 20 हजार. बेरीज 12.10 लाख. विकताना 3.80 आले तर निव्वळ 8.30 लाख, किलोमीटरला 18 रुपये 40 पैसे.

अंतर 1.35 लाखाचं. कर्जाचं व्याज दोन्हीकडे सोडलंय. ते धरलं तर अंतर आणखी वाढतं, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर जास्त असतो आणि बँक किमतीचा कमी हिस्सा देते. आणि ज्यांना अजूनही कर न भरता चालवण्याचा मोह होतो त्यांच्यासाठी: 92 हजार कर वजा केला तरी ब्रेझा 8.73 लाखाला पडते. कायदा मोडूनही ती महागच.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही, आणि डिझेलवर अन्याय नको. याच आकड्यांनी बघितलं तर महिन्याला अडीच हजार किलोमीटर पळवणाऱ्याला ब्रेझा आणि पंच बरोबरीला येतात. त्याहून जास्त फिरणारा, हायवेवर सलग पळणारा माणूस असेल तर डिझेलच घ्यावी. विक्रीच्या किमती आणि राखीव रक्कम हे अंदाज आहेत. आपल्या गाडीला ते बदलून घालावेत. न बदलता कोणाचीही बेरीज उचलू नये, हीसुद्धा.

टोलचा खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच, म्हणून बेरजेत नाही. पण कोल्हापूरच्या दोन आणि बेळगावची एक खेप म्हणजे कोगनोळी आणि हत्तरगी मिळून महिन्याला सहा वेळा नाका, वर्षाला 72. राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक फास्टॅग पास 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपये आणि 200 फेऱ्या असा सुरू झाला. त्या दरानं या घराला तो एका नाक्याला सुमारे 42 रुपये पडत होता. एका वेळचा टोल याहून जास्त असेल तर पास घ्यावा.

शेवटी पंच घेतली. ती घरी आल्यावर एक अडचण अशी आली जी कुठल्याच कोटेशनवर नव्हती. गाडी जनावरांच्या गोठ्यालगत, पेंडीच्या पोत्यांजवळ उभी राहायची. उंदरांनी बॉनेटखालच्या वायरिंगच्या एका जोडाचं आवरण कुरतडलं. वेळीच दिसलं म्हणून टेप आणि नळीवर भागलं. पूर्ण हार्नेस बदलायची पाळी आली असती तर खर्च हजारांत गेला असता. निपाणीत बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायची पद्धत आहे. ती काही दिवस चालते, वास उडाला की उंदीर परत येतात. पोती हलवली, गाडीचं तोंड मोकळ्या अंगणाकडे केलं, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर बॉनेट उघडं ठेवतात. इंजिनाच्या उबेला आणि अंधाराला उंदीर येतो. उजेडात बसत नाही.

दाजींची ब्रेझा महिनाभरानं महाराष्ट्रातल्या कागलच्या एका माणसानं घेतली, 6.55 लाखाला. त्याचं कोल्हापूर-पुणे महिन्यातून चार-पाच वेळा होतं. एनओसी नाही, नवा कर नाही, नंबर तोच. 29-30 फॉर्मवर नाव बदललं आणि पॉलिसी त्याच आठवड्यात त्याच्या नावावर झाली.